शपथ कोणाच्या नावाने? रोमन सैनिक आणि आपला ‘साक्रामेंत’

६ मे १५२७ रोजी रोमवर हल्ला झाला, तेव्हा पोप सातवे क्लेमेंट ह्यांचा जीव वाचविताना स्विस गार्डच्या १८९ सैनिकांपैकी १४७ जणांनी प्राण दिले. ह्याच स्मृतिदिनी गार्डमधील नवे सैनिक शपथ घेतात. २०२५ साली २१ एप्रिलला पोप फ्रान्सिस निवर्तले आणि हा सोहळा पुढे ढकलावा लागला. तो ४ ऑक्टोबर रोजी पोप चौदावे लिओ ह्यांच्या उपस्थितीत पार पडला. २७ तरुणांनी शपथ घेतली. वृत्तपत्रांनी रंगीत गणवेशांची छायाचित्रे छापली. शपथेच्या पद्धतीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. गार्डचे धर्मगुरू शपथेचा संपूर्ण मजकूर एकदाच वाचतात. नंतर प्रत्येक सैनिक नाव पुकारताच पुढे येतो, डाव्या हाताने ध्वज धरतो, त्रैक्याच्या नावाने उजव्या हाताची तीन बोटे वर करतो आणि वाचलेले सारे आपण पाळू, एवढेच सांगतो.

ही पद्धत ख्रिस्तसभेहून जुनी आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पॉलिबियस ह्याने रोमन सैन्यभरतीचे वर्णन केले आहे. सैन्याधिकारी एका योग्य सैनिकाला निवडीत व त्याच्याकडून पूर्ण शपथ वदवून घेत. उरलेले एकेक करून पुढे येत आणि ‘मलाही तेच बंधन’ अशा अर्थाचे चार शब्द उच्चारीत. ह्या शपथेला लॅटिनमध्ये ‘साक्रामेंतुम’ म्हणत. आपण ज्याला साक्रामेंत किंवा संस्कार म्हणतो, तो शब्द रोमन छावणीतून आपल्या वेदीपर्यंत आला आहे.

आरंभी ही शपथ साधी होती. लिव्ही सांगतो त्याप्रमाणे सैनिक आपापसांत स्वेच्छेने वचन देत, की भीतीने पळणार नाही. रांग सोडली तर शस्त्र उचलण्यासाठी, शत्रूवर वार करण्यासाठी किंवा सोबत्याला वाचविण्यासाठीच सोडू. इ. स. पूर्व २१६ मध्ये, कॅनीच्या भीषण पराभवापूर्वी, तिला अधिकाऱ्यांसमोर घ्यावयाच्या सक्तीच्या शपथेचे रूप मिळाले. शपथ मोडणारा देवांच्या कोपाच्या स्वाधीन झाला असे मानीत. दुसरीकडे, तीच शपथ सैनिकाच्या हातालाही मर्यादा घालीत असे. सिसेरोने थोरल्या केटोची हकीकत नोंदविली आहे. केटोच्या मुलाचे पथक विसर्जित झाले, तरी मुलगा युद्धाच्या ओढीने सैन्यातच राहिला. तेव्हा बापाने सेनापतीला कळविले, की त्याच्याकडून नवी शपथ घ्या. पहिली संपली आहे आणि शपथेवाचून शत्रूशी लढण्याचा त्याला अधिकार नाही. मूर्तिपूजक रोमची ही नीती आजच्या कित्येक सशस्त्र टोळ्यांहून सरस होती, हे मान्य केले पाहिजे.

बिघाड नंतर झाला. सेनापती लूट व जमिनी वाटू लागले, तशी निष्ठा प्रजासत्ताकाकडून व्यक्तीकडे सरकली. इ. स. पूर्व ४९ मध्ये सीझरने रुबिकॉन नदी ओलांडली, तेव्हा त्याचे सैनिक स्वदेशावर चालून गेले. पुढे सम्राटाच्या नावाने शपथ आली आणि ती दर वर्षी नव्याने घेतली जाऊ लागली. एवढ्याने तरी सिंहासन सुरक्षित झाले काय? इ. स. ६९ च्या १ जानेवारीस, ऱ्हाईनकाठी माइन्झ येथे, सैनिकांनी सम्राट गाल्बा ह्याच्या प्रतिमा फोडल्या व सिनेट आणि रोमन जनतेच्या नावाने शपथ घेतली. ती दोन दिवसही टिकली नाही. ३ जानेवारीला ते व्हिटेलियसच्या पक्षास मिळाले होते. त्या एका वर्षात रोमने चार सम्राट पाहिले.

ख्रिस्ती लोकांनी हाच शब्द उचलला. इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनियाचा राज्यपाल प्लिनी ह्याने सम्राट ट्राजनला अहवाल पाठविला. पहाटेपूर्वी जमून हे लोक कसले ‘साक्रामेंतुम’ घेतात, ह्याचा त्याने शोध घेतला होता. कट उघडकीस येईल अशी बिचाऱ्याची अपेक्षा असावी! हाती लागले ते इतकेच, की चोरी, लूटमार, व्यभिचार आणि विश्वासघात करणार नाही, असे ते एकमेकांना बांधून घेतात. पुढे कार्थेजच्या टर्टुलियनने स्नानसंस्कारालाच शपथ मानले आणि एक जीव दोन धन्यांना वाहता येत नाही असा आग्रह धरला. सर्वांनी तो मानला नाही; सैन्यात ख्रिस्ती होतेच. त्यांपैकीच एक सेंच्युरियन मार्सेलस. इ. स. २९८ मध्ये आजच्या मोरोक्कोतील टँजिअर येथे सम्राटाच्या सन्मानार्थ उत्सव चालला असता त्याने पथकाच्या ध्वजांसमोर आपला कमरपट्टा फेकून दिला. ३० ऑक्टोबर रोजी त्याचा शिरच्छेद झाला.

शंभर वर्षांत चित्र पालटले. चौथ्या शतकाअखेरीस व्हेजेशियस लिहितो, की सैनिक आता देव, ख्रिस्त व पवित्र आत्मा ह्यांच्या आणि सम्राटाच्या वैभवाच्या नावाने शपथ घेतात. काहींना हा विजय वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाही. सम्राटाशेजारी त्रैक्याला बसविले, की सम्राटाला नकार देणे हा देवाला नकार ठरतो.

हे केवळ प्राचीन दुखणे नाही. २ ऑगस्ट १९३४ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग वारले आणि त्याच दिवशी जर्मन सैन्याकडून ॲडॉल्फ हिटलर ह्या व्यक्तीशी बिनशर्त आज्ञापालनाची शपथ घेवविण्यात आली, तीही देवाच्या नावाने. पुढे असंख्य अधिकाऱ्यांनी ‘आम्ही शपथबद्ध होतो’ ही सबब सांगितली. दक्षिण टायरॉलमधील जोसेफ मायर-नुसर हा कॅथलिक युवक चळवळीचा कार्यकर्ता, एका तान्ह्या मुलाचा बाप. त्याला सक्तीने एस. एस. दलात घेतले होते. ४ ऑक्टोबर १९४४ रोजी त्याने ही शपथ घेण्याचे नाकारले. डाखाऊच्या छळछावणीकडे नेत असता २४ फेब्रुवारी १९४५ रोजी, एर्लांगेन येथे रेल्वेच्या डब्यातच तो मरण पावला. २०१७ साली ख्रिस्तसभेने त्याला धन्यवादित घोषित केले. मानवी प्रतिष्ठेच्या विरोधात मागितलेली शपथ नाकारलीच पाहिजे, असे आपले धर्मशिक्षण सांगते ते ह्याच अर्थाने.

मग स्विस गार्डची शपथ तरी एका व्यक्तीचीच नव्हे काय, असे वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे, कारण तीत पोप महाशयांचे नाव घेतले जाते. परंतु लगेच त्यांच्या कायदेशीर वारसांचा उल्लेख येतो आणि आसन रिक्त असेल तेव्हा कार्डिनल मंडळाशी हेच वचन लागू होते. भारतीय जवानही राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेतो. इ. स. ६८ मध्ये नीरो मेला आणि साम्राज्य यादवीत कोसळले. २१ एप्रिल ते ८ मे २०२५ ह्या काळात पोप नव्हते; दारावरचे पहारे मात्र बदलत राहिले आणि कोणालाही नवी शपथ घ्यावी लागली नाही.