कमी प्रथिनांच्या खाद्याला वनस्पतींचा आधार किती?

2021 च्या ऑगस्टमध्ये सोयापेंडेचा भाव किलोला नव्वदीच्या पुढे गेला होता. त्याच वर्षाच्या सुरुवातीला तो चाळिशीच्या आसपास होता. अंड्याच्या उत्पादनखर्चात खाद्याचा वाटा 65 ते 75 टक्के असतो, त्यामुळे त्या काही महिन्यांत राज्यातल्या अनेक लेअर फार्मचे गणित कोलमडले. केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. त्यावर पोल्ट्रीवाल्यांनी सुटकेचा श्वास सोडला, तर लातूर-वाशीमच्या सोयाबीन उत्पादकांनी संताप व्यक्त केला. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी रास्त होते.

तेव्हापासून एक प्रस्ताव फार्मवर वारंवार ऐकू येतो. खाद्यातली प्रथिने एक-दोन टक्क्यांनी उतरवा, सोयापेंड वाचवा आणि त्याऐवजी टनामागे किलो-दोन किलो वनस्पतिजन्य पूरक घाला. शतावरी, मेथी, लसूण, हळद, ओवा, शेवग्याचा पाला, आवळा अशा घटकांची ही पूरके असतात. अंडी तेवढीच मिळतील, कोंबडी निरोगी राहील आणि शेडमधला वास कमी होईल, असे सांगितले जाते. या प्रस्तावात प्रत्यक्षात दोन वेगळे दावे आहेत. पहिला प्रथिने कमी करण्याचा, दुसरा वनस्पती घालण्याचा. दोन्हींच्या मागे विचार आहे. मात्र ते एकाच पोत्यात बांधून विकले जातात, आणि शेतकऱ्याची फसगत होते ती तिथे.

पहिल्या दाव्याची बाजू भक्कम आहे. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाद्य खाते. त्यात 17 टक्के प्रथिने धरली, तर तिच्या पोटात जवळपास 19 ग्रॅम प्रथिने जातात. 55 ग्रॅमच्या अंड्यात त्यातली साडेसहा-सात ग्रॅमच उतरतात. थोडी शरीराच्या झिजेला लागतात आणि उरलेल्यांचा नत्र बहुतांशी विष्ठेतून बाहेर पडतो. विष्ठेतल्या युरिक आम्लापासून अमोनिया होतो. त्याचे प्रमाण हवेत दहा लाख भागांत 25 भागांच्या वर गेले, की कोंबडीचे डोळे आणि श्वसनमार्ग जळजळू लागतात. शेडमध्ये काम करणाऱ्या माणसालाही तीच हवा घ्यावी लागते. अंड्यांचे उत्पादन न घटता प्रथिने एका टक्क्याने कमी झाली, तर 10,000 कोंबड्यांच्या फार्मवर रोज पावणेदोन किलोच्या आसपास नत्र विष्ठेत जायचा वाचतो. वर्षाला ते सहाशे किलोंहून अधिक होते. शेजारच्या वस्तीशी वासावरून रोज भांडण होत असेल, तर या आकड्याचे महत्त्व भावाच्या गणिताइतकेच आहे.

तथापि कोंबडीला ‘प्रथिने’ नावाचे काही एक लागत नाही, तिला लागतात अमिनो आम्ले. मका-सोयाच्या खाद्यात सर्वांत आधी तुटवडा येतो तो मेथिओनिनचा, मग लायसिन, थ्रिओनिन आणि ट्रिप्टोफॅन यांचा. सोयापेंड कमी करून मेथिओनिन आणि लायसिन बाहेरून घातले, तरी आणखी खाली गेल्यावर व्हॅलिन आणि आयसोल्युसिन कमी पडू लागतात. याचा पहिला फटका अंड्याच्या वजनाला बसतो. अंड्यांची संख्या काही आठवडे टिकते, म्हणून मालकाला वाटते सगळे ठीक आहे. पिसे उपटण्याची सवय वाढते, अंगावर चरबी चढते, आणि प्रथिनांच्या तुलनेत ऊर्जा जास्त झाली तर यकृतात मेद साठून धडधाकट दिसणारी कोंबडी पिंजऱ्यात अचानक मरून पडते. सोयापेंडेबरोबर येणारे कोलिन आणि पोटॅशियमही पेंडेसोबतच कमी होतात, हे खाद्याचा तक्ता बांधताना अनेकदा विसरले जाते.

इथे वनस्पतींचे समर्थक पुढे येतात, आणि त्यांचे म्हणणे हलक्यात घेण्यासारखे नाही. ओव्यातल्या थायमॉलसारखी सुगंधी द्रव्ये आतड्यातल्या अपायकारक जिवाणूंना आवर घालतात आणि पाचक रसांना चालना देतात. आतडे निरोगी असेल तर खाल्लेल्या प्रथिनांतला जास्त भाग अंगी लागतो. म्हणजे खाद्यात थोडे कमी असले, तरी कोंबडीला मिळते तेवढेच. हळदीचे ऑक्सिडीकरणविरोधी गुण यकृताला आधार देतात. शतावरी आणि मेथीतल्या सॅपोनिनांसारखी द्रव्ये अमोनियाची निर्मिती मंदावू शकतात. युरोपीय संघाने वाढीसाठीची प्रतिजैविके खाद्यातून 1 जानेवारी 2006 पासून बंद केली. भारताने 2019 मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरावर बंदी घातली. प्रतिजैविकांच्या मागे रिकाम्या पडणाऱ्या या जागी काहीतरी हवे आहे. अंड्यात औषधाचा अंश न सोडणारा पर्याय शोधणे हे जबाबदारीचे काम आहे, आणि ज्या देशात या वनस्पती परसात उगवतात तिथे तो शोध होणे स्वाभाविकच आहे.

दुसरीकडे, साधा हिशेब मांडला की या आधाराची मर्यादा उघडी पडते. खाद्यात घातल्या जाणाऱ्या कृत्रिम मेथिओनिनच्या एका किलोत 990 ग्रॅम मेथिओनिन असते. चांगल्या वाळलेल्या पाल्याच्या पावडरीत 25 टक्के प्रथिने धरली आणि त्या प्रथिनांत दोन टक्के मेथिओनिन धरले, तर एका किलोतून जेमतेम पाच ग्रॅम मिळते. टनाला एक किलो पावडर घालून मेथिओनिनची तूट भरून निघत नाही. ‘हर्बल मेथिओनिन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांचे समर्थक यावर वेगळे उत्तर देतात. त्यांच्या मते ही उत्पादने मेथिओनिन पुरवत नाहीत, ते वाचवतात. वनस्पतीतले कोलिन आणि बीटेन मेथिओनिनच्या काही कामांचा भार उचलतात, म्हणून ते अंड्यासाठी मोकळे राहते. हे शरीरशास्त्राला धरून आहे. परंतु अंड्यातल्या प्रथिनांच्या साखळीत मेथिओनिनची जागा मेथिओनिनच घेऊ शकते. बचतीला मर्यादा आहे, आणि ती ओलांडून कमी केलेल्या खाद्याला कोणतीही शतावरी सावरणार नाही.

मग पाला चिमूटभर कशाला, भरपूरच घालू, असाही एक विचार आहे. शेवगा आणि अझोला यांची नावे त्यात नेहमी येतात. परसातल्या पाच-पंचवीस गावठी कोंबड्यांना हौदातला अझोला घालणे ही उत्तम सोय आहे आणि ती आणखी घरांत पोहोचावी. मोठ्या फार्मवर मात्र आकडे बदलतात. ओल्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. 10,000 कोंबड्यांच्या खाद्यातली एक टक्का प्रथिने त्यातून भरायची, तर रोज नऊशे किलोच्या आसपास ओला अझोला लागेल. तेवढे तलाव, मजुरी आणि वाळवण कोण करणार? शिवाय पाल्यातले तंतू वाढले की खाद्याची ऊर्जा घसरते. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हेही खरे नाही. सुबाभळीच्या पाल्यात मायमोसिन हे विषारी द्रव्य असते आणि सरकीच्या पेंडेतल्या गॉसिपॉलमुळे साठवलेल्या अंड्यांचा बलक काळपट पडतो.

उन्हाळ्याचा मुद्दा मला सर्वांत अवघड वाटतो. प्रथिने पचवताना शरीरात जास्त उष्णता तयार होते, म्हणून विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये प्रथिने कमी करणे सयुक्तिक ठरते. पण त्याच दिवसांत कोंबडीचे खाणे घटते, म्हणजे तिच्या प्रत्येक घासात पोषण जास्त हवे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यातून वाट निघते ती एकूण प्रथिने थोडी उतरवून अमिनो आम्लांचे प्रमाण मात्र चढते ठेवण्याची. आवळ्यासारख्या पूरकांचा उष्णतेच्या ताणात उपयोग करून पाहण्याची जागाही इथेच आहे, कारण इथे वनस्पतीकडून प्रथिनांची नव्हे, तर ताण कमी होण्याची अपेक्षा आहे.

पैशाचा हिशेबही एकसारखा राहत नाही. प्रथिने एका टक्क्याने उतरवली, तर टनामागे सुमारे 27 किलो सोयापेंडेच्या जागी मका येतो. पेंड शंभर रुपये आणि मका वीस रुपये किलो असताना 10,000 कोंबड्यांच्या फार्मवर यातून रोज दोन हजारांहून अधिक रुपये वाचतील. पेंड पस्तीस आणि मका चोवीस असेल, तर हीच बचत सव्वातीनशेच्या आसपास येते, आणि अमिनो आम्ले व वनस्पती पूरकाचा खर्च ती सहज गिळून टाकतो. अलीकडे इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढली आहे आणि त्या कारखान्यांतून निघणारा प्रथिनयुक्त चोथा खाद्यात येऊ लागला आहे. त्यामुळे सोयापेंडेला आधीच स्पर्धा आहे. मराठवाडा-विदर्भातला सोयाबीन उत्पादक हमीभावासाठी झगडत असताना पेंडेची मागणी आणखी घटवणारा सल्ला त्याच्या मुळावर येतो, ही तक्रारही ऐकायला हवी. फार्मवाल्याने तोटा सोसून पेंड घ्यावी असे कोणी म्हणणार नाही. मात्र पेंड स्वस्त असताना केवळ खर्च वाचतो म्हणून प्रथिने कमी करण्याला फारसा अर्थ उरत नाही. तेव्हा कारण अमोनियाचे असावे, आणि ते तसे स्पष्ट सांगावे.

या सगळ्याचा तोल पाहता माझा कल असा आहे. प्रथिने एक टक्क्यापर्यंत, फार तर दीड टक्क्यापर्यंत उतरवायला हरकत नाही, पण कच्च्या मालाची तपासणी करून आणि अमिनो आम्लांची तूट शुद्ध अमिनो आम्लांनीच भरून. अंडी भरात असताना, म्हणजे साधारण 25 ते 45 आठवड्यांच्या काळात, हा प्रयोग टाळावा. वनस्पती पूरकांना आतड्याच्या, यकृताच्या आणि उन्हाळ्याच्या कामासाठी जरूर संधी द्यावी. प्रथिनांचा पर्याय म्हणून ती घेऊ नयेत.

छोट्या फार्मवाल्याची अडचण मला दिसते. त्याच्याकडे प्रयोगशाळा नसते, आणि वनस्पतीचा गुण जमीन, हंगाम, वाळवण व साठवण यांनुसार बदलतो. म्हणून पोत्यावर केवळ वनस्पतींची नावे असलेले उत्पादन घेऊ नये. मुख्य कार्यकारी घटक किती टक्के आहे, हे लेखी मागावे. ‘पावडर घातल्यावर अंडी वाढली’ या अनुभवावरही विसंबू नये, कारण त्याच काळात हवामान बदललेले असते आणि कळपाचे वयही. एकाच शेडमध्ये, एकाच वयाच्या कोंबड्यांच्या तीन रांगा कराव्यात. एकीला नेहमीचे खाद्य, दुसरीला कमी प्रथिनांचे खाद्य व वरून घातलेली अमिनो आम्ले, तिसरीला तेच खाद्य अधिक वनस्पती पूरक. निदान दहा-बारा आठवडे अंड्यांची संख्या, वजन, फूट, खाद्य आणि मर रोज लिहावी. तिसरी रांग दुसरीपेक्षा सरस ठरली, आणि ती पूरकाचा खर्च काढूनही सरस राहिली, तरच ते पोते पुन्हा मागवावे.

नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने अशा चाचण्या आपल्या महाविद्यालयांमार्फत शेतकऱ्यांच्या शेडमध्येच घ्याव्यात आणि पूरक उपयोगी न ठरल्याचे निकालही मराठीत जाहीर करावेत.