निम्मी ठिकाणं खोडा, मग गाडी काढा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्याकडे गाडी करायची बोलणी सुरू होतात. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर. मग कुणीतरी म्हणतं, पंढरपूरपर्यंत जातोच आहोत तर कोल्हापूरची अंबाबाई आणि जोतिबाही करू. त्यावर पोरं ओरडतात, समुद्र! झालं, गणपतीपुळे जोडलं जातं. आठ दिवसांत दहा ठिकाणं.

जरूर जा. पण घरात पाच वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर ती यादी पुढ्यात घ्या आणि निम्मी ठिकाणं खोडा. देव रागवत नाही. लेकरू मात्र चौथ्या दिवशी तापानं फणफणतं. मग उरलेली यात्रा दवाखान्याच्या बाकावर बसून होते. आमची एकदा तशी झाली आहे, म्हणून सांगते.

दिवसाला दोनशे किलोमीटर पुष्कळ झाले. धाराशिवहून कोल्हापूर तीनशेच्या आसपास आहे. ते एका दमात गाठायचा हट्ट धरू नका, पंढरपूरला मुक्काम टाका. तुळजापूर तर आपल्या दारातच आहे. ते या यादीत कोंबू नका, एखाद्या साध्या मंगळवारी सवडीनं जा.

रात्री दोनला निघायची आपली जुनी सवय आहे. ऊन लागत नाही, रस्ता मोकळा मिळतो, हे खरं. पण पहाटे तीन-चारला ड्रायव्हरचा डोळा लागतो, आणि मागे सगळी गाडी झोपलेली असते. पहाटे पाचला निघा. अकराच्या आत सावली गाठा. दुपारी चारपर्यंत हलू नका. दिवेलागणीला मुक्कामी पोचा. ड्रायव्हरलाही पोटभर जेवण आणि झोपायला नीट जागा द्या. त्याला गाडीत झोपवून पैसे वाचवू नका.

गाडीत लेकरू पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसू नका. करकचून ब्रेक लागला की आईच्या हातातही ते राहत नाही. पुढे एअरबॅग असेल तर ती उघडतानाच लहानग्याला इजा होते. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा लहान मुलांची खास सीट हवी, असा कायदाच आहे. नाही लावली तर हजार रुपये दंड. ती सीट महाग वाटते, मान्य. पण ती धाकट्यालाही चालते आणि भावाच्या लेकरालाही चालते. टेम्पोच्या हौद्यात माणसं भरून यात्रेला निघणं तर आता बंदच करा.

आणि चहाला उतरताना झोपलेलं लेकरू बंद गाडीत ठेवू नका. पाच मिनिटांसाठीही नको. आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन, गाडीची भट्टी होते. उचललं की रडेल, रडू द्या.

आता गाडी लागण्याचं. सपाट रस्त्याला काही होत नाही, आंबा घाट सुरू झाला की एकेक पोरगं पांढरं पडायला लागतं. घाटाआधी पोटभर जेवू घालू नका, अगदी उपाशीही ठेवू नका. चार लाह्या, अर्धी दशमी. मोबाइल हातातून काढून घ्या. खिडकीतून लांब बघायला सांगा. काच थोडी खाली करा. जाड पिशव्या आणि जुना टॉवेल हाताशी ठेवा, डिकीत नको. आमच्या नातवाला ओकारी आली तेव्हा पिशव्या डिकीत होत्या आणि डिकीवर तीन बोचकी. पुढचे दोन तास काय वासात काढले, ते विचारू नका.

शिदोरी घरचीच घ्या. पहिल्या दिवसाला धपाटे. पुढच्या दिवसांना दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, राजगिऱ्याचे लाडू, मुरमुरे. तांदूळ आणि मुगाची डाळ एकत्र करून ठेवा. कुठंही खिचडी टाकता येते. आपल्या भूमकडचा खवा आणि कुंथलगिरीचे पेढे कितीही आवडीचे असले तरी उन्हाळ्यात प्रवासाला घेऊ नका. डब्यात ते दुसऱ्या दिवशी आंबायला लागतात आणि लेकरू गोड म्हणून खातच राहतं.

पाणी उकळलेलं किंवा बाटलीबंद. सील बघून घ्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणीसुद्धा नको, उन्हाळ्यातही नको. त्याला आईचं दूध पुरतं. मात्र त्या आईला घोट घोट पाणी पाजत राहा. गाडीभर माणसांचं करता करता तिचंच प्यायचं राहून जातं.

औषधांचा डबा वेगळा करा. ओआरएसची पाकिटं, झिंकच्या गोळ्या, तापाचं औषध, थर्मामीटर. तापाचं औषध लेकराच्या वजनावर द्यायचं असतं. म्हणून निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांकडून किती मिली ते बाटलीवरच लिहून घ्या. लसीकरणाचं कार्डही सोबत ठेवा.

जुलाब लागले तर मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण टाका. अर्धं पाकीट ग्लासात, असला अंदाज नको. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, छोटा. वाटीनं ढोसू नका, चमच्यानं पाजा. लेकरानं सहा तासांत शू केली नाही, तोंड कोरडं पडलं किंवा ते मलूल होऊन झोपतच राहिलं तर दर्शन राहू द्या. सरळ दवाखाना गाठा. १०८ ची रुग्णवाहिका फुकट येते.

मुक्काम शक्यतो देवस्थानच्या भक्त निवासात करा. सुट्टीत गर्दी असते, आधी फोन करा. उघड्यावर राहायची वेळ आली तरी घाबरायचं कारण नाही. युरोपात लोक पोराबाळांसकट महिना महिना तंबूत राहतात आणि त्याला सहल म्हणतात. आपल्या आज्यांनी येरमाळ्याच्या आमराईत तेच केलं. चैत्र पौर्णिमेला येडाईच्या यात्रेत पाल ठोकायचं, तीन दगडांची चूल, बैल बाजूला. फरक एवढाच, की तिकडं तंबूच्या जागेत नळ आणि संडास असतो. आपल्याला तो आधी शोधावा लागतो. पेट्रोल पंपावर प्यायचं पाणी आणि संडासाची सोय असते. संकोच न करता विचारा.

पाल किंवा तंबू दगडांच्या ढिगाजवळ, कडब्याच्या गंजीजवळ लावू नका. तिथं विंचू असतो. जागा झाडून घ्या. मच्छरदाणी लावा आणि तिची कड गादीखाली चारी बाजूंनी खोचा. ती डासांसाठी आहेच, पण मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यालाच चावतो आणि दुखतही फारसं नाही, म्हणून कळत नाही. सकाळी बूट आपटून घाला. विंचू किंवा साप चावला तर आवळून बांधू नका, कापू नका, मंतरायला नेऊ नका. लेकराला चालवू नका, उचलून जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. स्टोव्ह तंबूच्या बाहेरच पेटवा.

पाण्याचं मात्र फार जपा. आपली लेकरं दुष्काळी मुलखातली. पाणी म्हटलं की त्यांना टँकर आणि बोअर माहीत. नदी, समुद्र पाहिला की ती वेडी होतात. चंद्रभागेच्या वाळवंटात गुडघाभर पाण्यात एका पावलावर खड्डा लागतो. गणपतीपुळ्याचा किनारा उताराचा आहे, लाट परतताना पाय ओढून नेते. तिथं मोठी माणसं बुडाली आहेत. पाण्याच्या कडेला एकाच माणसाकडे लेकराचा हात द्या, आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल नको. सगळे बघताहेत म्हणजे कुणीच बघत नसतं.

गर्दीतली एक गोष्ट सांगते. यात्रेत आमचा पाच वर्षांचा पोरगा चुकला. पोलिसानं विचारलं, सदरा कुठल्या रंगाचा? आई म्हणाली पिवळा, बाप म्हणाला निळा. सापडला तेव्हा अंगात सदरा नव्हताच. कुणीतरी उकडतंय म्हणून काढून ठेवला होता. तेव्हापासून आम्ही रोज सकाळी निघताना लेकराचा त्या दिवशीच्या कपड्यातला फोटो काढतो. दंडावर पेनानं मोबाइल नंबर लिहितो. खिशातली चिठ्ठी सदऱ्याबरोबर जाते, दंड जात नाही. पोलिसांना फोन करायचा तर ११२.

रोज एक वेळ लेकरांना काहीच न करता खेळू द्या. नळदुर्गच्या किल्ल्यात तासभर पळू दिलं तर गाडीत ती गपगार झोपतात. देवळाच्या रांगेत तीन तास उभं करून आणलेलं लेकरू मात्र रात्रभर किरकिर करतं, आणि त्याला दोष देऊन उपयोग नाही.

परत यायचा दिवस शनिवारी धरा, म्हणजे रविवार हातात राहतो. आदल्या दिवशी शेजारणीला फोन करा. अर्धा लिटर दूध जास्तीचं घेऊन तापवून ठेवायला सांगा. किल्ली तिच्याकडेच असेल.