हेमलकशाचे जेवण

भामरागड तालुक्यातले हेमलकसा बाहेरच्यांना ठाऊक आहे ते बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पामुळे. परिसरातील माडिया गोंडांची खाद्यसंस्कृती मात्र तितकीच जाणून घेण्याजोगी आहे. भात आणि आंबील हे रोजचे अन्न. बाकीचे जंगल पुरवते. उन्हाळ्यात मोहफुले, चारोळी, तेंदूफळे. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते. झाडावर पाने जोडून केलेल्या घरट्यांतील लाल मुंग्या अंड्यांसह मीठ-मिरची घालून वाटल्या, की आंबट-तिखट चटणी होते. गोरगा झाडाचा रस ताडीसारखा पितात. हंगामाचे नवे फळ वा धान्य पंडुम हा सण साजरा झाल्यावरच खातात. त्यामुळे फळ पिकण्याआधी ओरबाडले जात नाही.