जुन्या पुस्तकांचा नवा दलाल

सत्र परीक्षा संपल्या की वसतिगृहांच्या खोल्यांतून बरेच सामान बाहेर पडते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा मिनी ड्राफ्टर, प्रयोगशाळेतील डागाळलेला एप्रन, वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला लागणारा हाडांचा संच, कडेला पेन्सिलीच्या खुणा केलेली पाठ्यपुस्तके. हे सारे पुढच्या वर्षाच्या मुलांकडे जाते. कधी फुकट, कधी एका चहाच्या बोलीवर, बहुधा निम्म्या किमतीला. या देवघेवीला आजवर कोणी मालक नव्हता. आता तिला मालक मिळू लागले आहेत. महाविद्यालयाच्या आवारापुरता बाजार मोबाइल फोनवर भरविणारी ॲप निघाली आहेत. महाविद्यालयाच्या ई-मेलने ओळख पटवायची, जुन्या पुस्तकाचे छायाचित्र टाकायचे, किंमत लिहायची आणि गिऱ्हाइकाची वाट पाहायची, अशी ही सोय आहे. ती काढणाऱ्या तरुण उद्योजकांचे कौतुक वृत्तपत्रांतून होते. कागद वाचतो, झाडे वाचतात, गरीब मुलाला पुस्तक स्वस्तात मिळते, तेव्हा यात वाईट ते काय, असा प्रश्न पुरोगामी म्हणविणारी मंडळीही करतात. हा प्रश्न भाबडेपणाने विचारला जातो, म्हणूनच त्याचे उत्तर देणे अगत्याचे आहे.

या धंद्याचा पूर्वेतिहास अमेरिकेत घडून गेला आहे. आयोवा राज्यातील आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या काही विद्यार्थ्यांनी २००० च्या सुमारास ‘चेगपोस्ट’ नावाचा एक जाहिरात फलक संगणकावर सुरू केला. विद्यार्थ्याने आपली जुनी पुस्तके व वस्तू दुसऱ्या विद्यार्थ्याला विकाव्यात, एवढाच त्याचा हेतू. ‘चेग’ हा शब्द कोंबडी आणि अंडे यांच्या इंग्रजी नावांच्या सांध्यातून आला. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, या पदवीधरांच्या कोंडीवरची ती कोटी होती. फलकाची कंपनी झाली. २००७ मध्ये तिने पाठ्यपुस्तके भाड्याने देण्याचा व्यापार आरंभिला आणि २०१३ मध्ये ती भागबाजारात उतरली. त्यानंतर पुस्तके साठविण्याची व पाठविण्याची कटकट तिने दुसऱ्या कंपनीच्या गळ्यात घातली आणि मासिक वर्गणी घेऊन विद्यार्थ्यांना अभ्यासाच्या प्रश्नांची तयार उत्तरे पुरविण्याचा खरा किफायतशीर धंदा हाती घेतला. ही उत्तरे लिहिण्यासाठी भारतातील हजारो उच्चशिक्षित तरुण कंत्राटी पद्धतीने राबविले गेले. ना नोकरी, ना भविष्यनिर्वाह निधी. जितकी उत्तरे तितका मोबदला. महासाथीच्या काळात परीक्षा घरी बसून होऊ लागल्या तेव्हा या उत्तरांना भलताच बहर आला आणि २०२१ च्या फेब्रुवारीत कंपनीचा भाग शंभर डॉलरच्या वर गेला. पुढे यंत्रच उत्तरे लिहू लागले. २ मे २०२३ रोजी भागाची किंमत एका दिवसात जवळपास निम्म्यावर आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने आपले ४५ टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले.

विद्यार्थ्यांच्या परस्पर देवघेवीतून निघालेली संस्था वीस-पंचवीस वर्षांत गृहपाठाच्या उत्तरांची पेठ होऊन बसली, यात कोणा एका व्यक्तीची दुष्टबुद्धी शोधण्याचे कारण नाही. शोधायचे असेल तर त्या व्यवहाराचे अंकगणित तपासावे. जुने पुस्तक दोनशे रुपयांना विकले गेले आणि मध्यस्थाने दहा टक्के घेतले, तर त्याच्या पदरी वीस रुपये पडतात. एक विद्यार्थी असा व्यवहार वर्षातून दोनदा, फार तर चारदा करील. त्यातच देणारा आणि घेणारा एकाच इमारतीत राहत असतील तर पहिल्या भेटीनंतर दोघांनाही ॲपची गरज उरत नाही. गुंतवणूकदारांनी घातलेले भांडवल असल्या चिमूटभर दलालीवर कधीही फिटणार नाही. म्हणून सुरुवातीला सारे मोफत असते, आणि पुढे पुस्तकाखेरीज दुसरे काही तरी विकावे लागते. विकण्याजोगे जवळ असते काय? खुद्द विद्यार्थीच. कोण कोणत्या शाखेत, कोणत्या वर्षाला आहे. दुसऱ्या वर्षात असताना पहिल्या वर्षाच्या गणिताचे पुस्तक कोण शोधतो आहे, म्हणजे कोणाचा विषय राहिला आहे. कोण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वाटेल ती किंमत द्यायला तयार होतो. ही माहिती खासगी शिकवण्यांना, शैक्षणिक कर्ज देणाऱ्यांना आणि परदेशी प्रवेशाच्या दलालांना पुस्तकाहून शतपटीने मोलाची असते. अप्पा बळवंत चौकातील जुन्या पुस्तकांचा दुकानदारही नफा घेतो, पडत्या भावाने घेऊन चढ्या भावाने विकतो, हे खरे. पण गिऱ्हाईक कोणत्या विषयात नापास झाले याची वही तो ठेवीत नाही.

तथापि या ॲपची सर्वांत मोठी लबाडी याहून वेगळी आहे. पुस्तके महाग का, हा मूळ प्रश्नच ते विसरायला लावते. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीनुसार २००६ ते २०१६ या दहा वर्षांत महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांच्या किमती ८८ टक्क्यांनी वाढल्या. ही वाढ ज्या कारणांनी झाली त्यांत जुन्या पुस्तकांविरुद्ध प्रकाशकांनी चालविलेले युद्ध हे एक होते. दर दोन-तीन वर्षांनी नवी आवृत्ती काढायची, प्रकरणांचा क्रम आणि उदाहरणांचे आकडे फिरवायचे, की मागील आवृत्ती वर्गात निरुपयोगी ठरते. पुढे पुस्तकासोबत एकदाच वापरता येणारा संकेतांक देण्याची युक्ती निघाली. तो घातल्याशिवाय गृहपाठ सादरच करता येत नाही, आणि एकदा वापरलेला संकेतांक दुसऱ्याच्या कामाचा नाही. २०२२ मध्ये तर पिअर्सन या जगातील बलाढ्य प्रकाशन कंपनीच्या प्रमुखाने उघडपणेच सांगितले की, एक छापील पुस्तक सात-सात वेळा विकले जाते आणि कंपनीला मात्र पहिल्याच विक्रीचे पैसे मिळतात. आता संगणकीय नोंदवहीच्या तंत्राने पुढच्या प्रत्येक विक्रीतही वाटा घेता येईल. विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला दिलेल्या पुस्तकावरही खंडणी बसविण्याची ही कल्पना आहे. ती पुढे कितपत साकारली हा प्रश्न गौण. ती सुचली आणि निःसंकोच बोलली गेली, हे महत्त्वाचे.

कायदा या बाबतीत अजून तरी विद्यार्थ्याच्या बाजूला आहे. थायलंडहून अमेरिकेत शिकायला गेलेल्या सुपाप किर्तसेंग या विद्यार्थ्याने मायदेशी स्वस्त मिळणारी पाठ्यपुस्तके नातेवाइकांकडून मागवून विकली, तेव्हा प्रकाशकाने त्याला न्यायालयात खेचले. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला, की कायदेशीररीत्या छापलेली प्रत एकदा विकली गेली म्हणजे तिच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाचे नियंत्रण उरत नाही, मग ती प्रत कोठेही छापलेली असो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही चलनात आलेल्या प्रती प्रकाशकाच्या वितरणाच्या हक्काबाहेर ठेवलेल्या आहेत. जुने पुस्तक दुसऱ्याच्या हाती देणे हा कोणाच्या मेहेरबानीचा विषय नाही, तो हक्क आहे.

महाराष्ट्रात या हक्काला वेगळ्या वाटेने सुरुंग लागतो. पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या मुलाला जुने पुस्तक दाखवा. त्याचा पहिला प्रश्न ‘कोणता पॅटर्न?’ हाच असतो. २००८, २०१२, २०१५, २०१९, २०२४ असे अभ्यासक्रम एकापाठोपाठ बदलत गेले. अभ्यासक्रम काळाबरोबर बदलला पाहिजे याविषयी दुमत नाही. पण बदल पाव भागाचा असतो आणि पुस्तक मात्र संपूर्ण नवे घ्यावे लागते, कारण स्थानिक प्रकाशक ते पॅटर्नबरहुकूम छापतात आणि प्रश्नपत्रिकाही त्याच बेताने निघतात. पॅटर्न बदलतो त्या दिवशी आधीच्या मुलाचे पुस्तक रद्दीच्या भावाचे होते आणि जगातील कोणतेही ॲप त्याला गिऱ्हाईक मिळवून देऊ शकत नाही. शालेय पातळीवर तर खुद्द शासनानेच हा उद्योग करून पाहिला. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत लिहिण्यासाठी कोरी पाने घालण्यात आली. दप्तराचे ओझे कमी करण्याचा हेतू चांगला होता. पण ज्या पुस्तकात लिहायचे ते पुस्तक धाकट्या भावाच्या कामाचे कसे राहणार, हा विचार कोणी केला? जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला.

ॲपच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र असा आहे की तो झटकून टाकता येत नाही. आधीच्या वर्षाच्या मुलांकडून नंतरच्या वर्षाच्या मुलांकडे पुस्तके जाण्याची ही साखळी सर्वांना कधीच खुली नव्हती. वसतिगृहात राहणाऱ्याला ती खुली होती, रोज एस. टी. ने गावाहून ये-जा करणाऱ्या मुलीला नव्हती. आपल्या गावच्या, आपल्या जातीच्या, आपल्या जिल्ह्याच्या पोरालाच टिपणवह्या आणि जुन्या प्रश्नपत्रिका द्यायच्या, हा रिवाज कोणत्या महाविद्यालयात नव्हता? घराण्यात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या दलित वा भटक्या समाजातील मुलाला ना तेथे वडीलभाऊ होता, ना ओळखीचा कोणी वरच्या वर्गातला. ॲप जात विचारीत नाही, गाव विचारीत नाही. पैसे मोजणाऱ्या कोणाही अनोळखी माणसाला ते पुस्तक देते. जुन्या साखळीचे गोडवे गाणाऱ्यांनी हा आक्षेप मान खाली घालून ऐकला पाहिजे.

पण मग उत्तर काय, बाजार? बाजार जात विचारीत नाही, तो फक्त पैसे विचारतो. आणि ज्याला जातीमुळे पुस्तक मिळत नव्हते त्याच्याच खिशात पैसे नसतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सर्वांनाच ते पुस्तक हवे असते तेव्हा त्याची किंमत चढते, आणि ते ज्याची ऐपत अधिक त्याच्याकडे जाते. ज्याला गरज अधिक त्याच्याकडे नव्हे. आधीच्या मुलाला जे पुस्तक फुकट देताना काही वाटत नव्हते, तेच आता ‘तीनशेला जाऊ शकते’ हे ठाऊक झाल्यावर फुकट देववत नाही. त्याला दोष कसा द्यावा? त्याच्याही डोक्यावर फीचे कर्ज आहे. विद्यार्थी कमावतो आणि शिकतोही, असे या व्यवहाराचे गुणगान करणाऱ्यांनी कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव तरी त्यात ओढू नये. रयतच्या वसतिगृहांत ‘कमवा आणि शिका’ याचा अर्थ श्रमाची प्रतिष्ठा असा होता. गेल्या वर्षीचे पुस्तक मोडून या वर्षीचे घेणे, असा नव्हता.

अनोळखी मुलाला, तो कोणाचा कोण हे न विचारता आणि पैसेही न मागता पुस्तक देणारी संस्था या देशात कधीच निघालेली आहे. तिचे नाव पुस्तकपेढी. केंद्र शासनाने १९७८-७९ मध्ये वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षण घेणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी ती योजना सुरू केली. दोन विद्यार्थ्यांमागे पुस्तकांचा एक संच, आणि त्या संचाचे आयुष्य तीन वर्षे. पुढे शेतकी, पशुवैद्यक, तंत्रनिकेतन, कायदा अशा शाखांपर्यंत ती पोहोचली. कल्पना साधी आणि समाजवादी आहे: पुस्तक व्यक्तीचे नसते, वर्गाचे असते आणि वर्षअखेर परत येते. मग ही पेढी किती महाविद्यालयांत जिवंत राहिली? ग्रंथालयाच्या तळघरातील कुलूपबंद कपाट, त्यात दोन पॅटर्नपूर्वीचे संच आणि जमाखर्चाच्या वहीत शून्य, हे चित्र कोणा कार्यकर्त्याला अपरिचित नसावे. ग्रंथालय शुल्क मात्र दरवर्षी न चुकता वसूल होते. सार्वजनिक पेढी मरू द्यायची आणि त्या जागी खासगी बाजार आला की त्याला विद्यार्थ्यांची सोय म्हणायचे, ही रीत इस्पितळांत आणि एस. टी. त जनतेने पुरेशी पाहिली आहे.

संघटित विद्यार्थी काय करू शकतो हे दिल्लीत दिसले. २०१२ मध्ये तीन विदेशी प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि तेथील रामेश्वरी फोटोकॉपी या छोट्या दुकानावर दावा लावला; प्राध्यापकांनी नेमलेल्या वाचनाच्या छायाप्रती काढण्यास त्यांची हरकत होती. विद्यार्थ्यांनी आपली संघटना उभारून त्या खटल्यात स्वतःला पक्षकार करून घेतले, शिक्षकही पुढे आले. सप्टेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने दावा फेटाळला, डिसेंबरमधील अपिलाच्या निकालातही अध्यापनासाठी प्रती काढण्याचा हक्क मान्य झाला आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी खटल्यातून माघार घेतली. हे कोणत्या ॲपने केले नाही. महाराष्ट्रात मात्र १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधींच्या निवडणुका काढून गुणवत्तेवर नेमणुका आणल्या. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद केली, ती कित्येक वर्षे कागदावरच राहिली. प्रतिनिधी नसलेला विद्यार्थी ग्राहकच होणार.

ॲपवर बंदी घालावी असा याचा अर्थ नव्हे. बंदीची भाषा आळशी माणसाची असते. पुस्तकांची यादी ठेवणारे यंत्र विद्यार्थ्यांच्या सहकारी भांडाराच्या मालकीचे असले तर ते स्वागतार्हच आहे, कारण मग माहिती विकायला कोणी बसलेला नसेल. प्रश्न यंत्राचा नाही, ते कोणाच्या ताब्यात आहे याचा आहे. पक्षाच्या युवक आघाडीने या उन्हाळ्यात तालुक्याच्या प्रत्येक महाविद्यालयात तीन गोष्टी विचाराव्यात: ग्रंथालय शुल्काचे किती रुपये पुस्तकपेढीकडे गेले, पेढीतील संच कोणत्या पॅटर्नचे आहेत, आणि अभ्यासक्रम बदलताना जुन्या पुस्तकाचा कोणता भाग चालू राहील हे विद्यापीठाने लेखी जाहीर का केले नाही. उत्तरे लेखी मिळत नसतील तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आणि शेवटचा पेपर संपेल त्या दुपारी फाटकाशी एक टेबल टाकावे, पुस्तके जमा करून नोंदवहीत लिहावीत, आणि जूनमध्ये त्याच टेबलावरून ती, कोणाची ओळख न विचारता, परत बोलीने द्यावीत.