टक्का देशाचा, हिशोब आपल्या शाळेचा

शिक्षणावरच्या खर्चाचा विषय निघाला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तक्ता हमखास फिरतो. अमुक देश जीडीपीच्या इतके टक्के खर्च करतो, भारत इतके. खाली चार जण हळहळतात आणि विषय संपतो. रोज डेटाशी काम करणारा माणूस म्हणून मला वाटतं, विषय खरं तर तिथे सुरू व्हायला हवा.

टक्केवारी म्हणजे अपूर्णांक: वर अंश, खाली छेद. २०२०-२१ मध्ये कोरोनामुळे जीडीपीच आकसला. अशा वर्षी शिक्षणाला एक रुपयाही जास्त न देता टक्का वाढलेला दिसतो. अंशाचंही तसंच. २०२२-२३ च्या आर्थिक पाहणीत केंद्र आणि राज्यांचा शिक्षणावरचा खर्च २.९ टक्के आहे. शिक्षण मंत्रालय इतर खात्यांचा शिक्षणावरचा खर्च त्यात मिळवतं तेव्हा तोच ४ टक्क्यांच्या वर जातो. म्हणून दोन देशांची तुलना दिसली की आधी विचारा: काय मोजलं, कोणत्या वर्षी, आणि किती मुलांमागे?

एवढी काळजी घेऊनही एक गोष्ट लपत नाही. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्क्यांचं लक्ष्य १९८५-८६ साठी ठेवलं होतं. १९६८ च्या धोरणाने ते मान्य केलं. २०२० च्या धोरणात पुन्हा तेच ६ टक्के. दोन पिढ्या शाळेतून बाहेर पडल्या, लक्ष्य जागेवरच आहे.

आता व्हिएतनाम पाहा. जीडीपीच्या हिशोबात तो आपल्यापेक्षा फार पुढे नाही. पण सरकारी बजेटचा किमान २० टक्के वाटा शिक्षणाला द्यायचा, हे तिथे २०१९ च्या शिक्षण कायद्यातच लिहिलं आहे. आपले ६ टक्के धोरणात आहेत, कायद्यात नाहीत. शिवाय २००३ मध्ये त्यांनी प्राथमिक शाळांसाठी किमान दर्जा ठरवला आणि मागास भागातल्या शाळांवर आधी लक्ष दिलं. २०१२ च्या पिसा चाचणीत गणितात व्हिएतनाम ६५ देश-प्रदेशांत १७ वा आला. तिथली त्या वयाची बरीच मुलं शाळेबाहेर होती, म्हणून हा क्रमांक थोडा सावधपणेच वाचायला हवा. तरीही त्याआधीच्या फेरीत आपली हिमाचल प्रदेश आणि तामिळनाडू ही दोन राज्यं तळाशी होती, हे विसरता येत नाही. पैसा किती, याइतकंच तो शेवटच्या शाळेपर्यंत पोहोचतो का, हेही महत्त्वाचं.

आपला वाशिम जिल्हा अशाच शेवटच्या शाळांचा. २०१८ मध्ये देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे होते, त्यांत वाशिम होता. देशाच्या टक्क्यात आपल्या मोहल्ल्यातली उर्दू शाळा दिसत नाही. २०२२ मध्ये अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती केंद्राने बंद केली. त्याने देशाचा टक्का हललाही नसेल, पण कारंजा किंवा मंगरूळपीरच्या सहावीतल्या मुलीच्या घरात तो फरक जाणवतो.

म्हणून ६ टक्क्यांची मागणी सोडू नका, पण सोबत आपल्या शाळेचा हिशोबही मागा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ सांगतं की जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या सदस्य महिला. कलम २२ नुसार शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते आणि अनुदानाचा आधार तो आराखडा असतो. समग्र शिक्षा अभियानात १०० ते २५० पटाच्या शाळेला वर्षाला ५० हजारांचं संयुक्त अनुदान ठरलेलं आहे. ते आलं का, कधी आलं, कशावर खर्च झालं?

हे विचारायला अर्थतज्ज्ञ असावं लागत नाही. अनेक ठिकाणी समितीच्या बैठका सह्यांपुरत्या होतात, कारण आपले अम्मी-अब्बू मजुरीवर असतात आणि कागद वाचायला सोबत कोणी नसतं. तुम्ही शिकलेले आहात. पुढच्या बैठकीला त्यांच्यासोबत जा, गेल्या तीन वर्षांचा जमाखर्च मागा आणि एका साध्या एक्सेल शीटमध्ये मांडा. मिळाला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. दहा शाळांची अशी शीट तयार झाली, तर जिल्हा परिषदेपुढे हळहळ नाही, हिशोब घेऊन उभं राहता येईल.