जोड कोण होती?

सोलापुरात कुस्तीचा विषय निघाला की थोड्याच वेळात यादी तयार होते. आजवरचा सर्वांत मोठा पैलवान कोण, दुसरा कोण, आणि आपल्या जिल्ह्याचा गडी कितव्या नंबरला बसतो. पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावे ज्या शहरात पत्ता सांगताना घेतली जातात, तिथे ही यादी कुणी वेळ घालवायला करत नाही. माणसे तिच्यावरून भांडतात, आणि भांडावे असाच तो विषय आहे. माझे भांडण यादीशी नाही, ती करण्याच्या मापाशी आहे. आज सर्वांत रूढ झालेले माप असे: कुणाच्या खांद्यावर महाराष्ट्र केसरीची गदा किती वेळा आली. तीनदा आली तो दोनदावाल्यापेक्षा मोठा, दोनदावाला एकदावाल्यापेक्षा मोठा. हे माप चुकीचे आहे. त्याने मोठी माणसे यादीबाहेर राहतात, आणि आजच्या पोरांना चुकीच्या गोष्टीचा ध्यास लागतो.

टीव्हीवरच्या पैलवानांचा प्रश्न आधी बाजूला करतो. जगभर ‘सर्वश्रेष्ठ व्यावसायिक पैलवान’ म्हणून ज्या याद्या फिरतात, त्यांतली बहुतेक नावे अमेरिकन रिंगमधली असतात. त्या माणसांच्या अंगमेहनतीबद्दल मला आदर आहे. पण ज्या कुस्तीचा निकाल सलामीआधी ठरलेला असतो, तिला आपल्याकडे नूरा कुस्ती म्हणतात आणि फडावरून हाकलतात. आपला व्यावसायिक पैलवान म्हणजे जत्रेच्या इनामावर खुराक चालवणारा, पाठ लागली तर घरी रिकाम्या हाताने जाणारा. यादी त्याची करायची आहे.

आता गदेकडे वळतो. महाराष्ट्र केसरी १९६१ साली सुरू झाली आणि औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. तेव्हापासून ही गदा जड वजनाच्या खुल्या गटासाठी आहे. आज साधारण ८६ किलोंच्या वरचा गडीच तिच्यासाठी उतरू शकतो. याचा सरळ अर्थ असा की ५७ किलोंचा पैलवान जगाला हरवून आला तरी त्याच्या नावापुढे महाराष्ट्र केसरी लागणार नाही. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण मिळवले आणि पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. गदांच्या यादीत त्याच्या नावापुढे शून्य. ज्या मापात राहुल आवारे शून्य ठरतो, ते माप वजनाचे आहे, कुस्तीचे नाही.

बरे, जड गटापुरते तरी ते खरे आहे का? गेल्या काही वर्षांचाच हिशेब घ्या. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात माती विभागात महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख भिडले. दोघेही आपल्याच जिल्ह्याचे. बाहेरच्या टांगेवर महेंद्रला दिलेल्या चार गुणांवरून गावोगावी वाद पेटला, आणि त्या निकालावर महेंद्र पुढे जाऊन अंतिम कुस्तीत शिवराज राक्षेकडून हरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला सिकंदरने त्याच शिवराजला अर्ध्या मिनिटाच्या आत अस्मान दाखवले. आणि त्याच महिन्यात धाराशिवला दुसऱ्या संघटनेने भरवलेल्या स्पर्धेत शिवराज पुन्हा महाराष्ट्र केसरी झाला. एका वर्षात तीन गदा, दोन संघटना. २०२५ ला तेच: फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, मार्चमध्ये कर्जतला आपल्या सोलापूरचा वेताळ शेळके. यांतल्या एकाही पैलवानाचा मी अनादर करत नाही. मेहनत प्रत्येकाची खरी आहे. पण जी वस्तू पंचांच्या एका निर्णयावर आणि संघटनांच्या फुटीवर हलते, तिची बेरीज करून थोरवी ठरवणे म्हणजे तालमीतल्या घामापेक्षा बैठकीतल्या ठरावाला मोठे मानणे आहे.

नरसिंग यादवचे उदाहरण तर या मापाविरुद्ध सर्वांत बोलके. २०११ ते २०१३ सलग तीन गदा, म्हणून त्याचे नाव घेतले जाते. पण २०१५ साली लास वेगासला ७४ किलोंत त्याने जागतिक कांस्य मिळवले, आणि ते ऑलिम्पिकच्या पात्रतेचे वर्ष होते. जगातला प्रत्येक देश आपला पहिला गडी तिथे पाठवतो. ते एक पदक त्या तिन्ही गदांपेक्षा जड आहे. हे वाक्य तालमीत कुणी बोलत नाही, याचेच मला वाईट वाटते.

दुसरे माप पैशाचे. जंगी मैदानाच्या पत्रकावर पहिल्या नंबरची कुस्ती कुणाची छापली आणि इनाम किती, यावरून मोठेपण ठरवणारे लोक स्वतःला व्यवहारी समजतात. माझा जत्रा कमिट्यांवर राग नाही. त्यांनी वर्गणी काढून हलगी वाजती ठेवली नसती तर लाल माती केव्हाच संपली असती. पण पत्रक गर्दीसाठी छापले जाते. ज्याचे नाव चालते त्याचे नाव टिकवणे हा आयोजकाचा आणि पैलवानाचा, दोघांचाही फायदा असतो. मग नावाजलेल्या गड्यासमोर हरणारा माणूस आणला जातो, किंवा तासभर खडाखडी करून कुस्ती बरोबरीत सोडवली जाते. लोक टाळ्या वाजवून घरी जातात, इनाम वाटून घेतले जाते, आणि पुढच्या जत्रेत तोच पुन्हा पहिल्या नंबरला. अशी वीस मैदाने मारलेला गडी मोठा म्हणायचा की एकच कुस्ती हरलेला, पण जगातल्या उत्तम माणसाशी हरलेला?

आणि तिसरे लोक म्हणतात, काळ वेगळे, खुराक वेगळे, मॅट वेगळी आणि माती वेगळी, म्हणून तुलनाच नको. हे ऐकायला समंजस वाटते. पण वस्ताद रोज सकाळी हौदात दुसरे काय करतो? हा त्याला पेलेल का, याची ताकद आणि त्याची चपळाई कुठे जुळेल, हे पाहूनच तो जोड लावतो. ज्या विद्येचा पहिला धडाच तुलनेचा आहे, तिच्यात तुलना करू नका म्हणणे हा नम्रपणा नाही, टाळाटाळ आहे.

म्हणून माप तालमीतूनच घ्यावे. पोरगा मैदान मारून आला की जुना वस्ताद आधी इनाम विचारत नाही. जोड कोण होती, ते विचारतो. कुणाशी लढला, तो समोरचा किती पाण्याचा होता, कुठे लढला, कोणत्या नियमांनी, कोणत्या अवस्थेत. मोठेपणाचा निवाडा याच प्रश्नावर व्हावा, असे मला वाटते.

या प्रश्नाने गामा पैलवानाकडे पाहा. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये तो पोलंडच्या झ्बिस्कोशी अडीच तासांहून जास्त लढला आणि कुस्ती बरोबरीत राहिली. आठवड्याने पुन्हा ठरली तेव्हा झ्बिस्को आलाच नाही, आणि पट्टा गामाला मिळाला. गदा मोजणारा इथेच थांबतो. जोड मोजणाऱ्याला मात्र त्या पट्ट्यापेक्षा १९२८ सालची पतियाळाची कुस्ती महत्त्वाची, जिथे दोघे पन्नाशीच्या आसपास असताना पुन्हा समोरासमोर आले आणि गामाने झ्बिस्कोला मिनिटाच्या आत चीत केले. त्याची मोठी उणीव अशी की हॅकेनश्मिट आणि गॉच हे त्या काळचे दोन अव्वल पैलवान त्याच्याशी कधी लढले नाहीत. तो दोष गामाचा नाही. आव्हान त्याने दिले होते. जोड शोधणारा आणि जोड टाळणारा यांत फरक करावाच लागेल, आणि गामा शोधणारा होता.

जोडीचे हे मोल शाहू महाराजांना पक्के कळले होते. कोल्हापूर कुस्तीची पंढरी झाली त्याचे श्रेय सगळे पांढऱ्या-तांबड्या रश्शाला आणि दुधाला देतात. खरे कारण असे की महाराजांनी पंजाबचे पैलवान करवीरात आणले, सांभाळले आणि तिथल्या पोरांसमोर उभे केले. १९१२ साली खासबाग मैदान उघडले ते गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्या कुस्तीने. गावच्या पोराला तोलामोलाची जोड घरी आणून देणारा राजा होता, म्हणून पुढे पन्नास वर्षे तिथे पैलवान पिकले.

आता माझी यादी, मराठी मातीपुरती.

पहिले नाव खाशाबा जाधवांचे, आणि ते पदकामुळे मी घेत नाही. गोळेश्वरचा हा माणूस १९४८ ला लंडनला गेला तेव्हा मॅट त्याला परकी होती. तरी फ्लायवेटमध्ये सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. तिथे बँटमवेटमध्ये त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना हरवले. मग जपानच्या इशीशी लांबलेली, दमवणारी कुस्ती हरली, आणि विश्रांती न देता लगेच सोव्हिएत संघाच्या मामेदबेयोव्हसमोर उभे केले. विश्रांतीचा हक्क मागायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. इशीला सुवर्ण मिळाले, मामेदबेयोव्हला रौप्य. म्हणजे खाशाबा हरले ते जगातल्या पहिल्या दोघांशीच, आणि त्यांतल्या दुसऱ्याशी थकल्या अंगाने. ज्याची हारसुद्धा एवढी मोठी, असा दुसरा मराठी पैलवान दाखवा. खाशाबांचे कांस्य हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कुस्तीत पुढचे पदक यायला २००८ उजाडले. महाराष्ट्राच्या दुसऱ्या एकाही पैलवानाला अजून ते जमलेले नाही.

काहीजण इथे म्हणतील, मग ऑलिम्पिकचेच माप लावा ना, जोडीचा घोळ कशाला. कारण ते माप लावले तर खाशाबांच्या खाली सगळे सारखेच शून्य होतात, आणि १९६२ चे जकार्ता पुसले जाते. त्या आशियाई स्पर्धेत मारुती मानेंनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवले. गणपतराव आंदळकरांनी नेमके उलट, ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. कवठेपिरानचा एक, पुनवतचा एक, दोन्ही गावे सांगली जिल्ह्यातली. कोण वर, यावर मी पुष्कळ विचार केला. माझे मत आंदळकरांकडे झुकते. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावता येत नाही. ज्याचे आयुष्य पट काढण्यात आणि टांग मारण्यात गेले, त्याचे अर्धे डाव तिथे बाद होतात. उरलेल्या अर्ध्यावर आशियात पहिले येणे ही फार मोठी गोष्ट आहे. शिवाय १९६० ची हिंद केसरी त्यांनी पंजाबच्या खडकसिंगला हरवून घेतली होती. मारुती माने तिसरे, पण केसाच्या अंतराने. आंदळकर पुढे न्यू मोतीबाग तालमीत फार मोठे वस्ताद झाले, पण ते पुण्य मी या हिशेबात धरलेले नाही.

चौथा नरसिंग यादव. २०१६ ची उत्तेजकाच्या प्रकरणातली चार वर्षांची बंदी मला दिसते आणि खटकते. पण लास वेगास तिच्याआधीचे आहे आणि तिथले पदक त्याच्या नावावर कायम आहे. पाचवा राहुल आवारे. ६१ किलोंचा गट ऑलिम्पिकमध्ये नसतो, म्हणून त्या गटातली जोड थोडी हलकी धरावी लागते, एवढ्यावरच तो पाचवा.

सहावे हरिश्चंद्र बिराजदार, रामलिंग मुदगडचे. आमच्या भागात त्यांचे नाव पहिले घेतले जाते आणि ते का, हे मला समजते. सत्तरच्या दशकात दिल्लीचा सतपाल इथल्या एकेका नामांकित पैलवानाला आडवा करत होता. १९७७ साली बेळगावात बिराजदारमामांनी त्याला हरवले. याच सतपालने पुढे १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतले, म्हणजे जोड कच्ची नव्हती. मराठी मातीवरच्या सगळ्या मैदानी कुस्त्यांत ती मी सर्वांत वर ठेवतो. पण एका थोर कुस्तीवर माणसाला वरच्या पाचांत बसवले, तर मी गदावाल्यांशी कशासाठी भांडतो आहे?

या सहांत सोलापूर जिल्ह्याचा एकही नाही. हे सोलापुरात राहून लिहिताना मला आनंद होत नाही. बोरामणीच्या शेख घराण्यात तीन महाराष्ट्र केसरी झाले: १९८० ला इस्माईल, १९९२ ला अप्पालाल, २००२ ला मुन्नालाल. त्या घराचा आम्हाला अभिमान आहे आणि राहील. करमाळ्याच्या खडकीचा बाला रफिक शेख २०१८ ला गदा घेऊन आला, मोहोळचा सिकंदर, आता वेताळ. जिल्ह्यात ताकद नाही असे कोण म्हणेल? पण बाला रफिकला न्यू मोतीबागेत आंदळकरांकडे जावे लागले, सिकंदरला गंगावेशीला. का? जोड तिथे होती म्हणून. आमच्या तालमीत शंभर किलोंचा एखादा गडी तयार होतो आणि त्याच्याशी रोज लढायला दुसरा नसतो. मग तो कोल्हापूर-पुण्याला जातो. जो जाऊ शकत नाही तो जत्रेच्या तिसऱ्या-चौथ्या नंबरच्या कुस्तीवर तिशी गाठतो आणि लंगोट खुंटीला लावतो. हलक्या वजनाच्या पोराची दशा त्याहून वाईट. तो जड होण्यासाठी खातो, कारण पत्रकावर हलक्याला जागाच नाही. मुलींचे तर काय सांगावे. त्यांची पहिली महाराष्ट्र केसरी भरायला २०२३ चे सांगली उजाडावे लागले.

म्हणून माझे मागणे जिल्ह्यातल्या जत्रा कमिट्यांकडे आहे, कारण पैसा त्यांच्या हातात आहे. परराज्यातला नावाजलेला जड पैलवान आणून पाच-दहा मिनिटांची खडाखडी दाखवण्यात जी रक्कम जाते, तिच्या निम्म्यात पंजाब-हरियाणाचे दोन हलक्या वजनाचे कसलेले गडी महिनाभर इथे ठेवता येतील. जत्रेआधी तालमीत आपल्या पोरांशी त्यांना रोज लढू द्या. आणि जत्रेच्या पत्रकात या वर्षी पहिल्या नंबरला ५७ किलोंची कुस्ती छापा, इनामासकट.