धावणं रक्तात असतं की घरात?

हरमिलन बैंसचं नाव आपल्या पालघर-बोईसरकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. पंजाबची पोरगी. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ८०० आणि १५०० मीटर, दोन्हीत रौप्य. त्याआधी २०२१ मध्ये वरंगळला तिने १५०० मीटर ४ मिनिटं ५.३९ सेकंदांत धावून सुनीता राणीचा २००२ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला होता. आई माधुरी सक्सेना हिने २००२ च्या बुसान आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचं रौप्य मिळवलेलं, वडील अमनदीप हेही १५०० मीटरचे धावपटू. म्हणून लोक लगेच म्हणतात, "रक्तातच आहे हो!"

मला हे पटत नाही. असेल थोडंफार. पण अशा घरात रक्ताहून मोठी गोष्ट असते, ती म्हणजे माहिती. पोटरी दुखली तर आज थांबायचं की धावायचं, परीक्षा आणि स्पर्धा एकाच आठवड्यात आल्या तर काय करायचं, कुठला बूट घ्यायचा, अर्ज कुठे भरायचा. जेवणाच्या ताटावरच हे सगळं कानावर पडतं. पोरीला वेगळं कुणाला विचारायला जावं लागत नाही.

आता बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे बघा. आईवडील वीटभट्टीवर मजूर. घरात कुणी धावपटू नाही. तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये, आणि धावण्याचं घर त्याला तिथे सापडलं. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलात ३००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकलं, हांगझोऊत मिळालं. आणि आपल्या मोखाड्याशेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातली कविता राऊत? तिला नाशिकला विजेंदर सिंग भेटले. २०१० ला दिल्लीत १०,००० मीटरचं कांस्य, राष्ट्रकुलात ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी पहिली भारतीय बाई.

वीटभट्टी म्हटलं की आपल्याला काही आठवतं का? दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडची घरंच्या घरं भिवंडी-वसईच्या भट्ट्यांवर जातात, पोरंबाळं घेऊन. त्यातली किती पोरं पायाने हलकी असतील, कोण मोजतो? आश्रमशाळेच्या स्पर्धेत अनवाणी पहिलं आलेलं पोरगं पुढच्या वर्षी दिसतच नाही, आणि दिसलं नाही म्हणून कुणी त्याच्या पाड्यावर जातही नाही.

आपल्याकडे वर्षातून एकदा मॅरेथॉन होते, टी-शर्ट वाटले जातात, फोटो निघतात. होऊ द्या, वाईट काही नाही. पण ८०० मीटरची तयारी एका सकाळी होत नसते महाराजा! त्याला मोजलेला ४०० मीटरचा ट्रॅक लागतो, तो पहाटे उघडा लागतो, आणि दर महिन्याला पगार मिळणारा, वर्षानुवर्षं तिथेच टिकणारा प्रशिक्षक लागतो.

तारापूर एमआयडीसीतल्या सीएसआरच्या पैशातून बाकं, कमानी, पाण्याच्या टाक्या होतात. माझं म्हणणं एवढंच, की पाच वर्षं फक्त एका प्रशिक्षकाचा पगार आणि वीस पोरांचं दूध-अंडी-बूट एवढ्यावर खर्च करून बघा. उद्घाटनाची कोनशिला बसवायला जागा नाही त्यात, हीच काय ती अडचण. बोईसर-पालघर पट्ट्यात अशी सपाट, मोकळी सरकारी जागा कुणाला माहीत असेल तर सर्व्हे नंबरसकट कळवा. अर्ज मी लिहितो, सह्यांना मात्र सगळ्यांनी या.